लोअरिंग स्प्रिंग आणि कापलेली स्प्रिंग: उंची सारखीच, मग फरक कुठे?

गाडीची पुढची बाजू तीन-चार सेंटिमीटर खाली आणायची असेल, तर आपल्याकडे दोन मार्ग सर्रास वापरले जातात. पहिल्यात त्या मॉडेलसाठी बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंगा विकत घेऊन बसवतात. दुसऱ्यात कंपनीच्याच स्प्रिंगा काढून, ग्राइंडरने त्यांचा एखादा वेढा कापून, त्याच परत चढवतात. उभ्या असलेल्या दोन गाड्यांकडे नुसते पाहून कोणती कशी खाली आणली आहे हे सांगता येत नाही, आणि गॅरेजमध्ये ‘दोन्ही एकच, उगाच खर्च कशाला’ असे जे ऐकवले जाते ते याच दिसण्याच्या जोरावर. हे म्हणणे निम्मे खरे आहे.

खरे निम्मे आधी पाहू. गुंडाळलेल्या स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. वेढे कमी झाले की कडकपणा त्याच प्रमाणात वाढतो. स्विफ्टसारख्या गाडीच्या पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटचे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकप (शॉक अ‍ॅब्जॉर्बर) एकत्र असलेल्या खांबाचे, सोपे आकडे हिशेबापुरते धरू: स्प्रिंगची मोकळी (भार नसतानाची) लांबी ३६० मिलिमीटर, वेढे ६, कडकपणा दर मिलिमीटरला २० न्यूटन आणि एका चाकावरचा भार २४०० न्यूटन, म्हणजे सुमारे २४५ किलो. गाडी जमिनीवर उभी राहिली की ही स्प्रिंग १२० मिलिमीटर दबते आणि २४० वर स्थिरावते. आता एक वेढा कापला, तर मोकळी लांबी ३०० उरते, कडकपणा २४ होतो, दाब १०० मिलिमीटरवर येतो आणि उभी उंची २०० होते. म्हणजे गाडी ४० मिलिमीटर खाली आली आणि स्प्रिंग २० टक्के कडकही झाली. लोअरिंग स्प्रिंगकडूनही आपण एवढीच अपेक्षा करतो. तेव्हा कापलेली स्प्रिंग मऊ होते, ही समजूत चूक आहे.

फरक दिसतो तो चाक लोंबकळू लागल्यावर. गाडी जॅकवर घेतली, किंवा वेगात एखाद्या उंचवट्यावरून चाक हवेत गेले, की शॉकपचा दांडा पूर्ण बाहेर येतो आणि स्प्रिंगची खालची बशी व वरचे माउंटिंग यांच्यातले अंतर सर्वाधिक होते. आपल्या उदाहरणात ते ३२० मिलिमीटर धरू. मूळ स्प्रिंग ३६० ची असल्याने या स्थितीतही ती ४० मिलिमीटर दबलेलीच राहते आणि जागची हलत नाही. कापलेली स्प्रिंग मात्र ३०० ची आहे. तिच्या वरच्या टोकाशी २० मिलिमीटर मोकळी जागा पडते. ती बशीत फिरते, टोक आपल्या खाचेतून सुटते, आणि चाक पुन्हा खाली टेकताना कुठे बसेल याचा भरवसा उरत नाही. खड्ड्यातून बाहेर पडताना पुढून येणारा ‘टक्’ आवाज बहुधा याचाच असतो.

येथे चौकस वाचक विचारेल की त्याच कडकपणाची नवी स्प्रिंग केली, तर तिचीही मोकळी लांबी ३०० च भरणार नाही का? भरते. म्हणूनच बनवणारे सगळे वेढे सारख्या अंतरावर ठेवत नाहीत. एका टोकाचे दोन-तीन वेढे जवळजवळ आणि मऊ गुंडाळलेले असतात, बाकीचे दूर दूर आणि कडक. गाडीचे वजन पडताच जवळचे वेढे एकमेकांवर मिटतात आणि भार कडक वेढ्यांवर जातो. चाक लोंबकळले की तेच वेढे उघडून लांबी भरून काढतात आणि स्प्रिंगला बशीत दाबून धरतात. आयबाख किंवा एच अँड आर या जर्मन कंपन्यांच्या स्प्रिंगा हातात घेतल्या, तर हे दाट वेढे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. लोअरिंग स्प्रिंगचे जास्तीचे पैसे माझ्या मते मुख्यतः या दोन-तीन वेढ्यांचे असतात, रंगाचे किंवा नावाचे नव्हेत.

टोकाचा प्रश्न वेगळा आहे. मूळ स्प्रिंगचे खालचे टोक बशीतल्या छोट्या पायरीला टेकून बसते आणि वरचे टोक बऱ्याच गाड्यांत आत वळवलेले असते. पूर्ण वेढा न कापता अर्धा कापला, तर खालचे टोक पायरीच्या नेमके विरुद्ध बाजूला येते. ते पायरीला लावायचे म्हटले तर स्प्रिंग अर्धी फिरवावी लागते आणि वरची बैठक बिघडते. शिवाय अनेक आधुनिक स्ट्रटच्या स्प्रिंगा मुद्दाम किंचित वाकड्या घडवलेल्या असतात, म्हणजे शॉकपच्या दांड्यावर येणारा आडवा ताण कमी व्हावा; वेढा गेला की तो हिशेबही जातो. कापलेल्या जागी रंगाचा थर उरत नाही, तेथून गंज धरतो, आणि कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत तो लवकर धरतो. गॅस कटरने कापलेल्या किंवा तापवून बसवलेल्या स्प्रिंगबद्दल तर चर्चाच नको, कारण उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि ती स्प्रिंग कालांतराने आणखी खाली बसत जाते.

घरी बसवण्याचे काम दोन्हींत जवळपास सारखे आहे. गाडी सपाट जागी जॅकने उचलून स्टँडवर ठेवावी, नुसत्या जॅकवर कधीही नाही. चाक काढल्यावर ब्रेकच्या पाइपची क्लिप, एबीएसची वायर आणि लिंक रॉड सोडवून घ्यावा, नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) दोन बोल्टांची जागा खुणेने नोंदवावी, मग ते बोल्ट आणि बॉनेटखालचे माउंटिंगचे नट काढून स्ट्रट बाहेर घ्यावा. मधल्या मोठ्या नटला मात्र स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावल्याशिवाय हात लावू नये. आपल्या उदाहरणातली स्प्रिंग स्ट्रट बाहेर असतानाही सुमारे ८० किलोच्या जोराने दबलेली आहे. नट निघताक्षणी ती माउंटिंगसकट उडते. कॉम्प्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, आणि माउंटिंग हाताने सैल फिरू लागल्यावरच नट सोडावा.

जोडताना दोघींतला फरक हातालाच कळतो. लोअरिंग स्प्रिंग आखूड असल्याने कॉम्प्रेसर थोडाच आवळावा लागतो, क्वचित माउंटिंग हाताने दाबूनही नट धरतो, पण दाबावे लागतेच. काहीही न दाबता नट पूर्ण खाली गेला आणि स्प्रिंग बशीत खुळखुळली, तर ती गाडीत जाऊ देऊ नये. ‘कॉम्प्रेसरची गरजच पडली नाही’ हे कापलेल्या स्प्रिंगचे कौतुक म्हणून सांगितले जाते. वस्तुतः ती तिच्याविरुद्धची तक्रार आहे.

काही गोष्टी मात्र दोन्हींत सारख्याच बिघडतात. मूळ शॉकपचा दांडा आता आधीपेक्षा खाली काम करतो, त्यामुळे बंप स्टॉपवर (धक्का थोपवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळण्याआधीचा प्रवास कमी होतो. स्प्रिंगसोबतच्या कागदावर बंप स्टॉप किती कापावा हे दिलेले असल्यास ते पाळावे. कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकांचा समोरून आणि वरून दिसणारा कल, बदलतात, म्हणून काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावीच, नाहीतर टायर आतल्या बाजूने झिजतात. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट सैल केले असतील, तर ते चाकांवर वजन आल्यानंतरच पक्के आवळावेत.

उंचीचा हिशेबही दोघींना चुकत नाही. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे. त्यातून ४० वजा केले की १२३ उरतात, आणि गाडीत चार माणसे बसली की त्याहून कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच असतो. मानकाबाहेरचे गतिरोधक किती आहेत हे पुण्या-नाशिकच्या वाचकांना सांगायला नको. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. स्प्रिंग जर्मन आहे म्हणून तेथे सूट मिळेल असे गृहीत धरू नये.

जुनी, खाली केलेली गाडी विकत घेताना ही ओळख विशेष उपयोगी पडते. पुढचे चाक जॅकने पूर्ण लोंबकळू द्यावे आणि फेंडरखाली हात घालून स्प्रिंग फिरवून पाहावी. हाताने फिरली तर ती बहुतेक कापलेली आहे. मग खालचे टोक विजेरीच्या उजेडात पाहावे. ग्राइंडरचा सपाट, गंजलेला काप दिसला, तर नव्या स्प्रिंगांच्या जोडीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी.