कॅसेट भरून मिळेल : गीतकारांच्या 'आवडत्या अल्बम'ची पार्श्वभूमी

गाणी लिहिणाऱ्या किंवा चाली लावणाऱ्या माणसाची मुलाखत असली की एक प्रश्न ठरलेला, तुमचे आवडते अल्बम कुठले, म्हणजे तुमचा कान कशावर तयार झाला ते आम्हाला कळेल. मराठीत याचं उत्तर देताना बहुतेक जण आधी थबकतात आणि मग तीच ती पाच-सहा नावं सांगून मोकळे होतात. मला ते दरवेळी लागतं, कारण मी स्वतः गाणी लिहिते, लालबागला वाढले, आणि माझा किंवा माझ्या आगेमागे शाळेत असलेल्यांचा कान अल्बमवर तयार झालेलाच नाही. तो कशावर झाला हे नीट सांगायचं तर 'अल्बम' या शब्दाचाच गुंता सोडवावा लागतो, म्हणून ही पार्श्वभूमी.

लांबचा काळ आधी उरकते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. भावगीताचा जो आकार आपल्याला अगदी नैसर्गिक वाटतो, मुखडा, दोन किंवा तीन अंतरे, मधे छोटेसे म्युझिकचे तुकडे, तो त्या तीन मिनिटांनी पाडलेला आहे, आणि १९३०च्या दशकापासून मराठी गीतकार नकळत त्याच मापानं कापड फाडत आलेत. तिकडे परदेशात मोठी रचना असली की ती चार-पाच तबकड्यांवर वाटून पुठ्ठ्याच्या जाड पुस्तकात घालून विकायचे, फोटोंच्या अल्बमसारखं दिसायचं म्हणून त्याला अल्बम म्हणायला लागले. १९४८ साली एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, पुस्तकाची गरज संपली, शब्द तेवढा राहिला. आपल्याकडे सर्वसाधारण ऐकणाऱ्यांपर्यंत तो शब्द तेव्हा पोचलाच नाही. आपल्याकडे रेकॉर्ड होती, तबकडी होती, आणि अल्बम म्हणजे लग्नाचा, नाहीतर पोस्टाच्या तिकिटांचा.

मग रेडिओ. १९५०च्या दशकात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार करायचा निर्णय दिल्लीत झाला, लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ला विविध भारती काढून ते निस्तरावं लागलं, हे सगळ्यांना माहितीये. निर्णय चुकीचाच होता. पण त्याच वर्षांत सुगम संगीताला रेडिओवर जी जागा मिळाली तिचा फायदा मराठीला झाला हेही खरंय. गीतरामायण त्याच काळातलं, १९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून सुरू झालं आणि वर्षभर चाललं, एकूण ५६ गाणी. एक कवी, एक संगीतकार, एक कथा, म्हणजे अल्बमची कुठलीही व्याख्या लावा, ते बसतं. फक्त रेडिओवर ऐकणाऱ्यांनी ते सलग असं ऐकलंच नाही, दोन गाण्यांच्या मधे आठवडा जायचा. माझ्या आजीला ती गाणी क्रमानं यायची नाहीत, मधली मधली यायची, पण जी यायची ती सगळ्या कडव्यांसकट.

चाळीत आवड स्वतःची अशी नसायचीच. गॅलरीत चार दारं उघडी असली की चार रेडिओ, आणि बहुतेक वेळा चारही आकाशवाणीच्या मुंबई 'ब' केंद्रावर. सकाळची भक्तिगीतं, मग कामगार सभा, आणि 'आपली आवड', ज्यात कुठल्या गावच्या कोणाकोणाला कुठलं गाणं हवंय ते नावानिशी वाचून दाखवायचे. म्हणजे शेगावच्या कोणाची आवड लालबागच्या पोरीच्या कानात. नाट्यगीताच्या मागे कोळीगीत, त्याच्या मागे लावणी, त्याच्या मागे अभंग. ज्याला आज लोक कौतुकानं 'विविध प्रभाव' म्हणतात तो असा फुकटात आणि न मागता मिळालाय.

एलपी आमच्याकडच्या फार थोड्या घरांत होती, तिला लागणारं रेकॉर्ड प्लेअरच परवडायचं नाही. पण एका एलपीचा उल्लेख टाळता येत नाही. १९७४ला शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा 'शिवकल्याण राजा' निघाली. त्यात समर्थ रामदास आहेत, कवी भूषण आहेत, सावरकर आहेत, कुसुमाग्रज आहेत, म्हणजे काही शतकांच्या अंतरावरचे कवी एका आवाजात आणि एका संगीतकाराच्या हाताखाली, मधे निवेदन. मराठीत अल्बम या कल्पनेचा इतका पक्का नमुना दुसरा सापडणं कठीण. पण मी ती ऐकली कशी, तर शिवजयंतीला मंडळाच्या कर्ण्यावर, ऑपरेटरला हवी ती दोन-तीन गाणी परत परत. निवेदन मी वयाच्या तिशीत पहिल्यांदा ऐकलं.

आता मुख्य काळ, कॅसेटचा. फिलिप्सनं कॅसेट काढली १९६३ला, पण गिरणगावात ती दिसायला लागली सत्तरचं दशक संपता संपता, आणि आली ती बरीचशी गल्फमधून. कोकणातला माणूस तिकडे कामाला गेला की सुट्टीवर येताना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, घेऊन यायचा. ज्यांचं कोणी गल्फला नव्हतं ते मनीष मार्केटला जाऊन घासाघीस करायचे. ८२च्या गिरणी संपानंतर आमच्यासारख्या घरांत कंपनीची कॅसेट विकत घेणं ही चैन झाली, ब्लँक घेऊन भरून घेणं त्यातल्या त्यात जमायचं. आणि म्हणून प्रत्येक नाक्यावर एक दुकान, बाहेर हातानं रंगवलेली पाटी, 'कॅसेट भरून मिळेल'.

हे दुकान नीट सांगते, कारण मुंबईतल्या माझ्या पिढीच्या गीतकारांची शाळा हीच आहे. आमच्या नाक्यावरच्या दुकानात उभं राहायला एक माणूस आणि बसायला एक एवढीच जागा. डबल डेक, त्याच्या बाजूला कोलन वॉटरमध्ये बुडवलेला कापूस हेड पुसायला, भिंतीला लावून कॅसेटी, आणि एक लांबडी वही. आपण एखाद्या कोऱ्या कागदावर गाण्यांची यादी लिहून न्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं, तो यादीवर नजर फिरवून म्हणायचा यातली चार नाहीत, त्याच्याऐवजी मी माझ्या मनानं टाकतो. दोन दिवसांनी कॅसेट मिळायची. वरच्या दोन टॅब तो स्क्रू ड्रायव्हरनं तोडूनच द्यायचा, म्हणजे घरच्या कोणी चुकून त्याच्यावर काही टेप करू नये.

त्याच्या त्या 'माझ्या मनानं'नी माझी अर्धी आवड बनलीये. मी भावगीतं मागायचे, तो मधेच एक गझल टाकायचा, एकदा गोव्याचं कोंकणी गाणं टाकलं, एकदा पोवाड्याचा नुसता शेवटचा भाग. आणि नव्वदच्या कॅसेटला एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, ती कधी गाण्याच्या हिशोबानं संपत नाहीत, त्यामुळे शेवटचं गाणं मधेच तुटायचं. माझ्या एका कॅसेटच्या बी साईडला शेवटी एक भावगीत होतं जे दुसऱ्या अंतऱ्यात 'आणि' या शब्दावर बंद पडायचं, खट्, बटण वर. मी ते गाणं तसंच पाठ केलं, सात-आठ वर्षं तसंच म्हटलं. पुढे कधीतरी पूर्ण ऐकलं तेव्हा तिसरा अंतरा मला परका वाटला, जास्तीचा वाटला, आणि आजही मी लिहायला बसले की दुसऱ्या अंतऱ्यानंतर हात आखडतो. ही सवय चांगली का वाईट ते मला ठरवता येत नाही, पण ती कुठल्या अल्बमनं लावलेली नाही.

यात ज्यांनी ती गाणी केली त्यांच्या हातात काही पडलं नाही, हे तेव्हा डोक्यात यायचं नाही, आता स्वतःचं गाणं कोणी फुकट घेतलं की येतं. कंपन्याही सरळ नव्हत्या. जुन्या कॉपीराइट कायद्यात एक सोय होती, मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या आवाजात करता यायचं. त्या वाटेनं स्वस्त कॅसेटींचा पूर आला, कव्हरवर सिनेमाचं नाव मोठ्ठं आणि गायकाचं बारीक. कित्येक घरांत मूळ आवाज कधी पोचलाच नाही. २०१२च्या दुरुस्तीत ती दोन वर्षांची पाच झाली, पण तोवर कॅसेट स्वतःच गेली होती.

आता शब्दाचा गुंता. कॅसेटच्या काळात आम्ही अल्बम म्हणत नव्हतो, 'आशाची ती नवीन कॅसेट' म्हणायचो. छापील मराठीत 'ध्वनिफीत' असायचं, तोंडात कधीच नाही. शिवाय दुकानात मिळणाऱ्या मराठी कॅसेटींतल्या भरपूर ही संकलनं होती, म्हणजे पन्नास-साठच्या दशकातली सुटी सुटी गाणी, वेगवेगळ्या संगीतकारांची, कंपनीतल्या कोणीतरी एकत्र करून वर एक गोड नाव दिलेलं. मग नव्वदच्या दशकात केबल आली, म्युझिक चॅनल आले, हिंदीत सिनेमाबाहेरच्या गाण्यांचे व्हिडिओ दिसायला लागले आणि तिथून 'अल्बम' हा शब्द आपल्या बोलण्यात घुसला. पण तो आला वेगळ्याच अर्थानं. 'हे पिक्चरचं नाही, अल्बमचं गाणं आहे.' म्हणजे अल्बम म्हणजे दहा गाण्यांचा संच वगैरे नाही, अल्बम म्हणजे जे सिनेमातलं नाही ते. त्याच्याही पुढे उरण-पनवेल-ठाण्याकडे आगरी-कोळी गाण्यांचे व्हिडिओ निघायला लागले, तिथे आज 'आमचा नवीन अल्बम आलाय' म्हणजे एक गाणं, एक व्हिडिओ. त्यांचं काही चुकत नाही, तो शब्द त्यांच्यापर्यंत त्याच अर्थानं पोचला.

त्यामुळे 'आवडते अल्बम' विचारलं की साठीतला माणूस एलपी आठवतो, पन्नाशीतला संकलनाच्या कॅसेटी आणि पंचविशीतला एखाददुसरं गाणं. आणि मग वाद होतो की संकलनाला अल्बम म्हणायचं का. जाणकार म्हणवणारे लोक ठामपणे नाही म्हणतात, त्यांचं म्हणणं की अल्बम म्हणजे करणाऱ्यानं ठरवलेला क्रम, करणाऱ्याचा एक विचार, कंपनीच्या कारकुनानं लावलेली यादी नव्हे. मुद्दा चुकीचा नाही. पण इथे प्रश्न आवड कशी बनली हा आहे, आणि आवड बनताना शेजार मोजला जातो. एक गाणं संपून टेपची दोन सेकंद खरखर झाली की पुढचं कुठलं लागणार हे कानाला आधीच माहीत असतं, पुढच्या गाण्याचा सूर आधीच डोक्यात वाजायला लागतो. तो शेजार कोणी लावला, संगीतकारानं, कारकुनानं की नाक्यावरच्या दुकानदारानं, हे कानाला कळत नाही. दोन पट्ट्यांमधली ती उडी मी चाल लावताना आजही मारते आणि ती शंभर टक्के संकलनातून आलीये. म्हणून माझ्या मते संकलन धरायचं. भरलेली कॅसेटही धरायची.

आणि एक गोष्ट या याद्यांत कधीच नसते त्याचा मला राग आहे. ज्या अर्थानं जाणकार अल्बम म्हणतात, म्हणजे एका विषयाला धरून मुद्दाम लिहिलेली, एका गायकानं गायलेली आठ-दहा नवीन गाणी, ते मुंबईत दरवर्षी नेमानं होत होतं, भीमगीतांत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलं की शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलच्या शेजारी कॅसेटींचे स्टॉल, प्रत्येकावर वेगळं गाणं, त्या वर्षी नवीन आलेली कॅसेट कुठली हे लोक विचारून घ्यायचे. वामनदादा कर्डकांची गाणी, कव्वालीच्या बाजातले सवाल-जवाब, प्रल्हाद शिंद्यांचा तो फोडून काढणारा आवाज. माझ्या ओळखीतले तीन-चार फार चांगले लिहिणारे या कॅसेटींवर वाढलेत, त्यांच्या यमकाची पकड तिथून आलीये, पण मुलाखतीत विचारलं की तेही भावगीतांचीच नावं घेतात. बाकीच्यांनी कधी ते संगीत म्हणून यादीत घेतलंच नाही, त्याचा हा परिणाम.

नंतरचं बऱ्याच जणांनी पाहिलेलंच आहे. सीडी आली, मराठीत नव्वदच्या शेवटी 'गारवा' आला, कविता वाचायची आणि मग गाणं, आणि अचानक मराठीत पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत क्रमानं ऐकायची सवय लागली, ती 'आयुष्यावर बोलू काही' या कार्यक्रमानं २००३ नंतर स्टेजवर नेली. याच काळातल्या मुलांना 'आवडता अल्बम' हा प्रश्न खऱ्या अर्थानं विचारता येतो. खासगी एफएम मुंबईत २००२ला आलं, त्यावर पहिली कित्येक वर्षं मराठी गाणं शोधावं लागायचं. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे कॅसेट-सीडींचं दुकान २०१६ला बंद झालं, तिथे कॉलेजात असताना आम्ही काही न घेता तास तास कव्हरं वाचायचो, गीतकाराचं नाव बारीक अक्षरात कुठे छापलंय ते शोधायचो. स्ट्रीमिंगवर तर ते नाव शोधायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं, कित्येकदा तिथेही नसतं.

मधली एक पायरी मात्र विसरू नये. २०१०च्या आसपास आमच्या नाक्यावरचं तेच दुकान मोबाईल रिचार्जचं झालं होतं, आणि काचेवर कागद चिकटवलेला, 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील'. त्याचा मुलगा बसायचा. यादी नेली तर तो म्हणायचा यादी कशाला, दोन जीबी फुल करून देतो. मी तरी यादी दिली. त्यानं तिच्यातली सगळी टाकली, आणि शेवटी आणखी चाळीसेक गाणी त्याच्या मनानं.