पीटीच्या तासाला नेमकं कोण धावतं?

बडोद्याला मैदानी खेळांचं वेड जुनं आहे. इथल्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे नियम छापले. शाळांच्या वेळापत्रकात आजही पीटीचा तास असतो, पण त्या तासाला वर्गातली किती मुलं खरोखर धावतात, हे कुणी मोजत नाही.

मोजून पाहू. वर्गात ४० मुलं, तास ४० मिनिटांचा. रांग, हजेरी, पाणी आणि परत वर्गात जाणं यांत १५ मिनिटं सहज जातात. उरलेल्या २५ मिनिटांत खो-खो लावला, तर मैदानात १२ जण: आठ बसलेले, एक पाठलागावर, तीन पळणारे. एका वेळी धावतात फार तर चौघं, आणि २८ जण कडेला उभे. सरासरी काढली तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटं धावणं येतं. चपळ मुलांना त्याहून जास्त, आणि ज्यांना गरज सर्वांत मोठी त्यांना जवळजवळ काहीच नाही.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सुचवते. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तिथपर्यंत पोचत नव्हती.

हालचालीने झोप सुधारते, आणि मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांना पोसणारं बीडीएनएफ हे प्रथिन वाढतं. पण नुसतं धावून मन हलकं होईलच असं नाही. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलेल्या तीन गरजाही तिथे भागाव्या लागतात: मला जमतंय, माझं थोडं तरी चालतं, आणि मी यांच्यातला आहे. दोन कप्तान गडी निवडत जातात आणि शेवटी एक मूल उरतं, तेव्हा या तिन्ही गरजा एका मिनिटात मोडतात. म्हणून गट सरांनी किंवा बाईंनी आधीच पाडावेत, दर पंधरवड्याला बदलावेत. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या तर कधीच देऊ नयेत, कारण मग मुलाच्या डोक्यात धावणं आणि अपमान एकत्र बसतात.

खो-खोच थोडा बदलून पाहा. चुन्याने १२ बाय ८ मीटरची चार मैदानं आखा, मधे दोन मीटर मोकळे ठेवा. लाकडी खांब नकोत, टोकाला चुन्याचं वर्तुळ पुरे. प्रत्येक मैदानावर दहा जण: चौघं बसलेले, एक पाठलागावर, दोघं आत पळणारे, तिघं बाहेर दोरीच्या उड्या मारणारे. डाव तीन मिनिटांचा, मग अदलाबदल. बाद झालेल्याने २० उड्या मारून पुन्हा रांगेत यायचं. नेहमीच्या नियमात सर्वांत हळू मूल सर्वांत आधी बाद होऊन बसून राहतं. इथे ते हलतच राहतं.

एक अडचण हमखास येते. चपळ मुलं आपल्या दोस्तांनाच खो देतात आणि एखादी मुलगी डावभर पाठ वाकवून बसून राहते. त्यावर साधा नियम: चौघांनाही एकदा तरी खो मिळाल्याशिवाय गडी बाद केल्याचा गुण धरायचा नाही. मग तिला उठवणं गटाच्याच फायद्याचं होतं.

जोर पुरेसा आहे का हे बोलण्यावरून कळतं. बोलता येतं पण गाता येत नाही, तर मध्यम. दोन-चार शब्दांतच दम लागला, तर जोराचा. मार्चनंतर बडोद्याच्या उन्हात मात्र हा तास सकाळी पहिला ठेवावा, आधी पाणी पाजावं, आणि चक्कर किंवा मळमळ वाटली की मुलाला लगेच सावलीत न्यावं.

पाळीच्या दिवसांत मुलींना सर्वांसमोर कारण सांगायला लावू नये. बसायचं, पंच व्हायचं की खेळायचं, हे त्यांनीच ठरवावं.

नेमकं पीटीच्याच दिवशी कुणाचं पोट वारंवार दुखत असेल, तर आधी चिडवाचिडवी चालली आहे का ते पाहा. उदासी, झोप किंवा भूक बिघडणं दोन आठवडे टिकलं, तर ते मैदानावर सुटणारं काम नाही. पालकांशी आणि समुपदेशकाशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.