डाव्या पायाचा ब्रेक : ऑटोमॅटिक गाडी जागेवरून उडायला कशी शिकली

डाव्या पायाने ब्रेक घट्ट दाबायचा, उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवायचा, आरपीएमचा काटा एका जागी थरथरत थांबला की ब्रेक सोडून द्यायचा. आजच्या बहुतेक दमदार ऑटोमॅटिक गाड्यांच्या पुस्तिकेत लाँच कंट्रोलची, म्हणजे जागेवरून जास्तीत जास्त जोमाने सुटण्याच्या सोयीची, कृती थोड्याफार फरकाने अशीच दिलेली असते. एखादं बटण जास्त, एवढंच. मधे कॉम्प्युटर बसलाय म्हणून हे सगळं नवं वाटतं. पायांचा हा खेळ मात्र जुना आहे, आणि त्याचं मूळ एका तक्रारीत आहे : ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घसरतो, ताकद पूर्ण पोचवत नाही.

घसरणं हा त्याच्या जन्माचाच भाग. जर्मन अभियंता हर्मान फ्यॉटिंगर याने १९०५ मध्ये तेलातून ताकद पोचवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर मोटारगाडी नव्हती, जहाज होतं. वाफेचं टर्बाइन भन्नाट फिरतं, पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. या दोघांना दातेरी चाकांविना जोडायचं कसं, हा त्याचा प्रश्न होता. याच यंत्रणेला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. तो समजावताना समोरासमोर ठेवलेल्या दोन टेबलफॅनचं उदाहरण सगळेच देतात : एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. उदाहरण चांगलं आहे, पण अर्धवट. खरी करामत त्या दोघांमधल्या तिसऱ्या चाकाची, म्हणजे स्टेटरची. परतणारं तेल तो अशा कोनात वळवतो की ते इंजिनाला अडवण्याऐवजी मदत करतं, आणि पलीकडे पोचणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. गाडी उभी असताना, म्हणजे घसरण सर्वांत जास्त असताना, ही वाढ सर्वांत मोठी असते. साधारण दुप्पट. वेग धरला की ती ओसरते. जागेवरून सुटण्याच्या क्षणाला याहून सोयीचा गुण कोणता असणार? पण हे लोकांच्या लक्षात यायला बराच काळ गेला.

कारण सुरुवातीच्या गाड्यांनी उलटाच अनुभव दिला. १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आलेल्या हायड्रा-मॅटिक या गिअरबॉक्सला स्टेटर नव्हताच. तेलाची साधी जोडणी आणि मागे चार गिअर. १९४८ मध्ये ब्यूकने डायनाफ्लो आणला. त्यात खरा टॉर्क कन्व्हर्टर होता, पण ड्राइव्हमध्ये गिअर बदलतच नसे. सगळं काम तेलावर सोपवलेलं. गाडी लोण्यासारखी चाले आणि निघे मात्र रमतगमत. टवाळखोरांनी तिचं नावच ‘डायनास्लश’ पाडलं. मग घाईतल्या चालकांनी स्वतःच शोध लावला : लिव्हर ‘लो’मध्ये टाकून निघायचं आणि वेग आला की हाताने ‘ड्राइव्ह’मध्ये ओढायचा. गिअरबॉक्सला हे सोसत नसे, पण गाडी उचलत असे. शेवरलेच्या दोन गिअरांच्या पॉवरग्लाइडची सुरुवात १९५० मध्ये अशीच आळशी झाली. १९५३ पासून ती ड्राइव्हमध्येही आपण होऊन लोमध्ये निघू लागली.

अमेरिकेत तोवर पाव मैलाच्या ड्रॅग शर्यती, म्हणजे जागेवरून सुटून सरळ रेषेत पळायच्या शर्यती, मूळ धरत होत्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी या शर्यतींसाठी एनएचआरए ही संस्था स्थापन केली. ऑटोमॅटिक घेऊन येणाऱ्याकडे तिथे आधी कुत्सित नजरेनेच पाहिलं जाई. मत बदललं ते क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटने. १९५६ मधला हा गिअरबॉक्स तीन गिअरांचा, पुढे कन्व्हर्टर असलेला आणि दणकट. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘रॅमचार्जर्स’ या नावाने क्रायस्लरचेच अभियंते शर्यतीत उतरले, आणि टॉर्कफ्लाइटच्या गाड्या मॅन्युअलवाल्यांच्या तोडीस तोड पळू लागल्या. मॅन्युअलवाल्याचा क्लच एकदा नीट सुटे, एकदा चाकं नुसती जागेवर फिरत, एकदा इंजिन गुदमरे. ऑटोमॅटिक प्रत्येक वेळी सारखी सुटे. १९६३ मध्ये झेंडेवाल्याच्या जागी ‘ख्रिसमस ट्री’ हा दिव्यांचा खांब आला आणि सुरुवात सेकंदाच्या अंशात मोजली जाऊ लागली. तेव्हा या सारखेपणाला भलतंच मोल आलं.

आता स्टॉल स्पीडकडे वळू, कारण सगळी गंमत तिथे आहे. गाडी ब्रेकवर अडवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढून अडतं तो स्टॉल स्पीड. घरगुती गाडीत तो साधारण दोन हजारांच्या आसपास असतो. शर्यतवाल्यांनी कन्व्हर्टर उघडले, पाती वाकवली, व्यास कमी केला, आणि स्टॉल चार-पाच हजारांवर नेला, म्हणजे इंजिनाची खरी ताकद जिथे सुरू होते तिथे. ज्या घसरणीला शिव्या बसत होत्या तीच मुद्दाम वाढवली!

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. समजा इंजिन २२०० आरपीएमला ३५० न्यूटन-मीटर टॉर्क देतंय आणि गाडी ब्रेकवर उभी आहे. हिशेब करा : ८० किलोवॅट. काम शून्य, म्हणजे सगळी उष्णता. हजार वॅटच्या ८० इस्त्र्या काही लिटर तेलात बुडवून चालू केल्यासारखं. म्हणूनच वर्कशॉपमध्ये स्टॉल टेस्ट करताना पाच सेकंदांच्या आत पाय उचलतात, आणि म्हणूनच लागोपाठ दोन-तीन लाँच मारले की गाडी स्वतःच नकार देते. तेल करपल्याचा वास एकदा नाकात बसला की नंतर लगेच ओळखू येतो.

दुसरी अडचण ब्रेकचीच. इंजिन पुरेसं तगडं असेल तर मागची चाकं ब्रेकला जुमानत नाहीत; गाडी नाक खाली घालते, थरथरते आणि मागची चाकं फिरायला लागतात. त्यावरचा तोडगा म्हणजे ट्रान्सब्रेक. यात गिअरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स असे दोन्ही गिअर एकाच वेळी धरायचे. दोघं एकमेकांना अडवतात आणि ब्रेकला हात न लावता गाडी ठाम उभी राहते. स्टिअरिंगवरचं बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी सुटते. कल्पना वेड्यासारखी वाटते, पण दोन गिअरांची ती एके काळची आळशी पॉवरग्लाइड याच उपायाने ड्रॅगवाल्यांची लाडकी झाली.

युरोपात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. फॉर्म्युला वनमध्ये लाँच कंट्रोलला २००१ च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून मुभा मिळाली. पुढच्याच, ऑस्ट्रियाच्या, शर्यतीत मिका हाकिनेनसह चार चालकांच्या गाड्या दिवे विझल्यावर जागच्या हलल्याच नाहीत. २००४ पासून ही सोय तिथे बंदच झाली. रस्त्यावर मात्र ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, आला : २००३ मध्ये फोक्सवागनच्या गोल्फ आर ३२ मध्ये, २००७ मध्ये निस्सान जीटी-आरमध्ये, २००८ मध्ये पोर्शे ९११ मध्ये. पोर्शेने आपला पीडीके नावाचा ड्युअल क्लच १९८० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर घासूनपुसून घेतला होता. इथे तेलाऐवजी क्लचच्या चकत्या घसरतात आणि किती घसरायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. टॉर्क वाढवणारा स्टेटर मात्र इथे नाही.

बहुधा म्हणूनही कन्व्हर्टर परतला. बीएमडब्ल्यूने २०१७ मध्ये आणलेल्या एम ५ मध्ये आधीचा ड्युअल क्लच काढून आठ गिअरांचा कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स बसवला. ० ते १०० किमीचा आकडा ३.४ सेकंदांवर आला. त्याचं श्रेय एकट्या कन्व्हर्टरला देणं बरोबर नाही, कारण त्याच गाडीत चारही चाकांना ताकद मिळू लागली होती, आणि सुटताना शेवटचा शब्द टायरचा असतो. घर्षणांक १ धरला तर चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीलासुद्धा १०० किमीचा वेग गाठायला २.८ सेकंद लागतात, इंजिन कितीही मोठं असो. त्याखाली जायचं तर टायर आणि डांबर दोन्ही चिकट हवेत.

किंवा मोजण्याची पद्धत सोयीची हवी! ड्रॅग स्ट्रिपवर चाक प्रकाशकिरण ओलांडून साधारण फूटभर पुढे गेल्यावर घड्याळ सुरू होतं. अमेरिकी आकड्यांत हे फूटभर अंतर सर्रास वगळलेलं असतं. १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या, वेगवाढीने ते पार करायला पाव सेकंद लागतो, आणि तोवर गाडी ताशी ९ किमीच्या घरात पोचलेली असते. दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवून वाद घालण्याआधी एवढं विचारून घ्यावं.

२०१८ च्या डॉज चॅलेंजर एसआरटी डेमनचा ०-६० मैलांचा २.३ सेकंदांचा आकडाही याच पद्धतीचा. पण या गाडीत कंपनीतूनच ट्रान्सब्रेक आला, विक्रीच्या गाडीत पहिल्यांदाच. पाव मैल तिने ९.६५ सेकंदांत कापला. दहा सेकंदांच्या आत येणाऱ्या गाडीला रोल केज, म्हणजे आत चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा, हवा, असा तेव्हा एनएचआरएचा नियम होता. डेमनला तो नव्हता, त्यामुळे ड्रॅग स्ट्रिपसाठीच बनवलेल्या या गाडीला संस्थेने आकडा प्रमाणित करून दिला आणि सोबत बंदीचं पत्रही धाडलं. कंपनीने जाहिरातीत दोन्ही वापरलं.