फायरवॉल चालू, इंटरनेट बंद

बेळगावात टिळकवाडीला आमच्या शेजारच्या काकांचं नेट गेलं की त्यांचं निदान तयार असतं. "अरे, ती फायरवॉल काढून टाक बघू आधी." फायरवॉल म्हणजे कॉम्प्युटर आणि नेट यांच्या मध्ये बसून कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम. हल्ली दोष बहुतेक वेळा केबलमध्ये किंवा राउटरमध्ये निघतो. पण 2005 ते 2008 या काळात काकांचं म्हणणं इतक्या वेळा खरं ठरलं आहे की त्यांना हसायची सोय नाही.

विंडोज एक्सपी ऑक्टोबर 2001 मध्ये आली तेव्हा तिच्यात फायरवॉल होती, पण बंद. सेटिंगमध्ये खोल कुठंतरी पडलेली. डायल-अपवर कर्र-कुर्र करत तासभर बसणाऱ्याला तिची गरजही वाटत नव्हती. मग ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर आला, नेटवरून आपोआप पसरणारा उपद्रवी प्रोग्रॅम. विंडोजमधली जी फट तो वापरायचा ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं जुलैतच दिला होता, पण तो घेतलाय कुणी? नुसतं नेटला जोडलं की 135 नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे मशीनमध्ये शिरायचं नंबर दिलेलं दार) कीड आत, आणि पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी. पॅच उतरायच्या आत मशीन रीस्टार्ट. 'शटडाउन', मायनस, 'ए' ही कमांड तेव्हा दुरुस्तीवाल्या पोरांना तोंडपाठ होती. मोजणी थांबवायची आणि तेवढ्यात पॅच ओढायचा. पुढच्या वर्षी सॅसर नावाच्या दुसऱ्या किडीनं 445 नंबरच्या पोर्टवरून तोच खेळ केला. ऑगस्ट 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 पासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागली, ती या दणक्यानंतर.

पण सगळ्या फायरवॉल सारख्या नव्हत्या. फरक कळायला आमच्या भागातलंच उदाहरण घेतो. कागल सोडून निपाणीकडं येताना कोगनोळीचा नाका लागतो. 2021 मध्ये तिथं आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय कर्नाटकात सोडत नव्हते. एक्सपीची फायरवॉल अशीच, फक्त येणाऱ्याला अडवणारी. झोन लॅब्ज कंपनीची झोनअलार्म ही वेगळी टाकायची फायरवॉल. ते झोनअलार्म मात्र बाहेर जाणाऱ्याचीही झडती घ्यायचं. कुठलाही प्रोग्रॅम नेटकडं निघाला की खिडकी उघडायची आणि मालकाला विचारायची: सोडू की नको?

मालक काय सांगणार? खिडकीत नाव असायचं 'जनरिक होस्ट प्रोसेस फॉर विन32 सर्व्हिसेस'. मराठी शाळेत शिकलेल्या आणि कचेरीत कन्नड निभावून नेणाऱ्या माणसापुढं हे इंग्रजी आलं की तो दोनच गोष्टी करणार. घाईत असला तर सगळ्याला 'हो', घाबरला तर सगळ्याला 'नाही'. 'नाही' म्हणणारे जास्त फसले. त्या लांबलचक नावामागं विंडोजचाच एसव्हीसीहोस्ट हा प्रोग्रॅम होता, आणि मोडेमकडून आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आपला नंबर, मागणं, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं ही कामं त्याच्याच पोटात चालायची. त्याला अडवलं की मशीनला 169.254 नं सुरू होणारा निरुपयोगी पत्ता मिळायचा, नाहीतर नंबरानं पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतंय का ते बघायची हाक) जायचं आणि नावानं एकही साइट उघडायची नाही. त्यात 'हे उत्तर लक्षात ठेव' या चौकटीत टिचकी मारलेली असली तर मग बघायलाच नको. चूक एका क्षणाची, नियम कायमचा.

लोक ही भानगड मुळात घेत का होते? सुरक्षिततेसाठी, असं म्हणणं बरं दिसेल. पण 2005 मध्ये बीएसएनएलचं डेटावन हे ब्रॉडबँड आलं, तेव्हा सगळ्यात स्वस्त योजनेत महिन्याला 400 एमबी मिळायचे आणि वरच्या प्रत्येक एमबीचे पैसे वेगळे. एकटा सर्व्हिस पॅक 2 च 266 एमबीचा! तेव्हा बाहेर जाणारं अडवणारी फायरवॉल हा आमच्याकडं नळाचा कॉक झाला. विंडोज अपडेट बंद, मीडिया प्लेअर बंद, अँटिव्हायरसचं अपडेटसुद्धा बंद. बिल आटोक्यात राहायचं आणि मशीन उघडं पडायचं. मोडेम ब्रिज मोडवर असला तर आणखीच, कारण मग नेटवरचा सार्वजनिक पत्ता थेट कॉम्प्युटरलाच मिळायचा; राउटर मोडमध्ये निदान मोडेम तरी मध्ये आडवा उभा असायचा.

बेळगावातल्याच शहापूरचं एक डीटीपीचं दुकान आठवतं. लग्नपत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये, म्हणून श्रीलिपी आणि नुडी शेजारी शेजारी. मशीन दोन, प्रिंटर एकालाच. फुकटची एक फायरवॉल टाकली आणि दुसऱ्या मशीनवरून प्रिंट निघेना. नेट चालू, पिंग बंद. ऐन लग्नसराईत दोन दिवस पेन ड्राइव्ह इकडून तिकडं नाचत होता. फायरवॉलनं दुकानातल्याच मशीनला परकं ठरवून 139 आणि 445 हे पोर्ट बंद केले होते. घड्याळाजवळचं चिन्ह बंद करून आम्ही 'फायरवॉल बंद आहे' म्हणत बसलो, पण तिचा ड्रायव्हर विंडोजच्या नेटवर्कमध्ये रुतलेला होता आणि आपलं काम करत होता. दुकानातल्या पत्त्यांची मालिका 'विश्वासू' यादीत घातली तेव्हा कुठं पत्रिका सुटल्या.

सगळ्यात मोठा घोळ मात्र कुणाच्या टिचकीनं झाला नाही. जुलै 2008 मध्ये, सुरक्षातज्ज्ञ डॅन कामिन्स्की यांनी शोधलेल्या डीएनएसच्या (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या) दोषावर अनेक कंपन्यांनी एकाच वेळी पॅच काढले. विंडोजच्या पॅचनंतर साइटचा पत्ता विचारणारा प्रत्येक प्रश्न वेगवेगळ्या, आधी ओळखता न येणाऱ्या पोर्टवरून जाऊ लागला. झोनअलार्मला ही वागणूक अनोळखी. त्यानं वाट अडवली आणि जगभरच्या वापरकर्त्यांचं नेट एका रात्रीत गेलं. उपाय दोन: सुरक्षेची पट्टी 'मध्यम'वर ओढा किंवा पॅच काढा. कंपनीनं नवी आवृत्ती लगेच दिली, पण ती उतरवायला नेट हवं! ज्याचं चालू होतं त्याच्याकडं पेन ड्राइव्ह घेऊन जायचं.

त्यानंतर प्रश्न विचारणाऱ्या खिडक्या कमी होत गेल्या. व्हिस्टापासून विंडोजनं फायरवॉल बनवणाऱ्यांना आत शिरायचा एक अधिकृत रस्ता करून दिला, घरोघरी वाय-फाय राउटर आले, आणि 2016 नंतर जिओनं एमबी मोजायची सवयही घालवली. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पुन्हा त्याच 445 वरून पसरला, पण फटका बसला तो मुख्यतः पॅच न घेतलेल्या मशीनना. आता विंडोजचा उरलाय एकच प्रश्न: हे नेटवर्क खासगी की सार्वजनिक?

गेल्या महिन्यात काकांनी नवा राउटर घेतला आणि मुलाच्या लॅपटॉपला जोडलेला प्रिंटर त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसेनासा झाला. केबल बघितली, राउटर दोनदा बंद-चालू केला, ड्रायव्हर परत टाकला. तासाभरानं लक्षात आलं की लॅपटॉपवर नवं नेटवर्क 'सार्वजनिक' म्हणून नोंदलंय आणि त्यामुळं शेअरिंग बंद आहे. 'खासगी' केलं, प्रिंटर दिसला.

"म्हणजे फायरवॉलच की," काका म्हणाले.