दोन यमुना आणि आपली सेटलमेंट

परवा एकजण सहज बोलून गेला की बायकांच्या कादंबऱ्या म्हणजे नुसती रडारड, आणि ते काही डोक्यातून जाईना. म्हणून जरा मागचं सांगते.

मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', 1857 ची, आणि तिचा विषयच विधवांचे हाल. म्हणजे सुरुवातच बाईच्या दुःखापासून झालीय. पण त्यातली यमुना हे सगळं फिरून बघते, गोष्ट सांगणारा वेगळाच. पुढं 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः आली, तिथं परत एक यमुना, पण ही स्वतः बोलते! माहेर, सासर, नवऱ्यानं शिकवलेलं लिहिणं-वाचणं, आणि तो गेल्यावर जबरदस्तीनं केलेलं केशवपन, सगळं तिच्याच तोंडून. लिहिणारा पुरुष होता हे खरं, पण 'मी' म्हणणारी बाई लोकांनी आठवड्या-आठवड्याला वाट बघून वाचली, हे मला फार मोठं वाटतं.

मग 1933 ला विभावरी शिरूरकर या टोपणनावानं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुली, ज्यांच्या पगारावर घर चालतं म्हणून घरच्यांना त्यांच्या लग्नाची घाईच नाही. यावर एवढा गदारोळ झाला की ही विभावरी शिरूरकर खरी कोण याचीच शोधाशोध सुरू झाली. त्या मालतीबाई बेडेकर. आणि इथं आपलं सोलापूर येतं, कारण पुढं त्यांनी इथल्या सेटलमेंटमध्ये नोकरी केली. 1871 पासूनच्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचे ना, तिथं. त्या अनुभवातून 1950 ला त्यांची 'बळी' ही कादंबरी आली. पांढरपेशा घरातली नायिका सोडून लेखिका कुंपणाच्या आत गेली, आणि तो कायदा देशभर रद्द झाला तो त्यानंतर, 1952 मध्ये. आमच्याकडं आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात, पण 'बळी' वाचलेलं माणूस मला इथं क्वचितच भेटलंय, याचं खरंच वाईट वाटतं.

नंतरच्या वाचनालयी कादंबऱ्यांत नायिका शिकली, ऑफिसात गेली, पण शेवट बहुतेक लग्नापाशीच यायचा. 1980 च्या आसपास गौरी देशपांडेंच्या बायकांनी ते मोडलं, त्या निघून जातात, एकट्या राहतात, आणि लेखिका त्यांना त्याची शिक्षा देत नाही. माझी पिढी त्यावरच वाढली. तरी वर्ग तोच राहिला, इंग्रजी येणारा, परदेश बघितलेला.

आणि आमच्या गल्लीत सकाळपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला गेल्यावर छाट, म्हणजे नापास करून बाजूला काढलेल्या विड्या, किती निघेल याची धाकधूक असलेल्या, घर त्यांच्याच पैशावर चाललेलं, म्हणजे 1933 च्या त्या मुलींसारखंच की. अशी बाई स्वतः 'मी' म्हणून गोष्ट सांगतेय आणि लोक ती हातोहात वाचतायत, अशी कादंबरी मला अजून मिळालेली नाही. कुणी वाचली असेल तर नाव सांगा, मला खरंच हवीय.