व्हीएम की कंटेनर? आधी कर्नल कुणाचा ते बघा

घरी एक जुना डेस्कटॉप पडून होता, 4 कोअर आणि 16 जीबी रॅमचा. त्यावर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक सिस्टिम चालवायला बनवलेली, लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं, ब्राउझरमधून 8006 पोर्टवर लॉगिन केलं, तर वर उजवीकडे दोन निळी बटणं दिसली, 'क्रिएट व्हीएम' आणि 'क्रिएट सीटी'. व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, कॉम्प्युटरच्या आत चालणारा आख्खा दुसरा कॉम्प्युटर, आणि सीटी म्हणजे कंटेनर, त्याच सिस्टिमवर वेगळी कोंडून ठेवलेली खोली. आता यातलं कुठलं दाबायचं? कुणालाही विचारा, उत्तर येतं की कंटेनर हलका असतो आणि व्हीएम जड असते. ते चूक नाहीये, पण हलका का, नेमकं काय वगळलं म्हणून हलका झाला, हे कळल्याशिवाय निवड करता येत नाही.

त्यासाठी एक छोटा प्रयोग करून बघा. डेबियन या लिनक्सची एक व्हीएम बनवा, डेबियनचाच एक कंटेनर बनवा आणि दोन्हीत जाऊन 'युनेम -आर' ही कमांड मारा, ती चालू कर्नलचं व्हर्जन सांगते. व्हीएममध्ये डेबियनचा स्वतःचा कर्नल दिसतो. कंटेनरमध्ये मात्र प्रॉक्समॉक्सच्याच कर्नलचा नंबर येतो, शेवटी 'पीव्हीई' लागलेला! म्हणजे कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतोच, तो होस्टचा, म्हणजे ज्या मशीनवर चालतो तिथलाच, वापरतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरी कुणाला द्यायची, प्रोसेसरवर पाळी कुणाची, डिस्कवर कोण लिहिणार हे सगळं तोच ठरवतो. माझ्या मते पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून सुटतात.

व्हीएमची कल्पना जुनी आहे, आयबीएमने व्हीएम/370 ही सिस्टिम 1972 मध्येच आणली होती. आपल्या पीसीतल्या एक्स86 प्रोसेसरला मात्र हे सहज जमत नव्हतं, कारण त्याच्या काही सूचना अशा होत्या की पाहुण्या (व्हीएमच्या आतल्या) कर्नलने त्या चालवल्या तरी वरच्या हायपरव्हायझरला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामला, पत्ताच लागायचा नाही. व्हीएमवेअरने 1999 मध्ये सॉफ्टवेअरने त्यातून वाट काढली, त्या सूचना चालता चालताच बदलून टाकायच्या. मग 2005 मध्ये इंटेलने आणि 2006 मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय दिली आणि 2007 मध्ये ही सोय वापरून व्हीएम चालवणारं केव्हीएम लिनक्स कर्नलचा भाग झालं. प्रॉक्समॉक्सची व्हीएम आजही केव्हीएमवरच चालते. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची ही सोय बंद असली तर व्हीएम सुरूच होत नाही, त्यामुळे ते आधी तपासा.

कंटेनर म्हणजे खरं तर होस्टवर चालणारी साधीच प्रोसेस. कर्नलच्या दोन सोयी तिला वेगळं ठेवतात, नेमस्पेस ठरवतात की तिला काय दिसावं, सीग्रुप्स ठरवतात की तिने मेमरी आणि प्रोसेसर किती खावा. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथेच आहे. कंटेनर बनवताना 'अनप्रिव्हिलेज्ड' अशी एक टिक असते. तशा कंटेनरमध्ये तुम्ही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर असता, नंबर 0. पण तीच प्रोसेस होस्टवरून बघा, तिथे तिच्यापुढे 100000 हा नंबर दिसतो! आत राजा आणि बाहेर कसलेच अधिकार नसलेला माणूस, त्यामुळे चुकून बाहेर निसटली तरी होस्टच्या महत्त्वाच्या फायली बदलू शकत नाही. म्हणून ती टिक काढू नका, कुणी सांगितलं तरी.

तरीही कर्नल एकच आहे हे विसरून चालत नाही. 2016 मध्ये डर्टी काऊ नावाचा लिनक्स कर्नलचा दोष उघड झाला, साध्या यूजरला रूट होता येत होतं, आणि असा दोष असला की कंटेनरची भिंत पातळ पडते कारण भिंत उभी करणाराच कर्नल फसलेला असतो. त्यामुळे अनोळखी कोड, बाहेरच्या जगाला उघडी असलेली सर्व्हिस, विंडोज किंवा वेगळा कर्नल लागणारं काहीही, हे व्हीएममध्ये. घरातला डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा), फाइल सर्व्हर असली आपल्या विश्वासातली लिनक्सची कामं कंटेनरमध्ये. आणि डॉकर (तयार ॲप स्वतःच्या छोट्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन)? तो प्रॉक्समॉक्सच्या कंटेनरमध्ये कोंबायचा मोह होतो पण त्यांची स्वतःची शिफारस व्हीएमची आहे, आणि मीही एक व्हीएम करून त्यातच सगळे डॉकर ठेवलेत.

आता सेटिंग. विंडोजची व्हीएम बनवताना डिस्कला व्हर्टआयओ निवडलं तर इन्स्टॉलर म्हणतो डिस्कच नाही, पहिल्यांदा मी अर्धा तास डिस्क शोधत बसलो होतो. व्हर्टआयओ म्हणजे खऱ्या डिस्कची नक्कल न करता पाहुण्याने होस्टशी सरळ बोलायची पद्धत, म्हणून वेगवान, पण विंडोजकडे तो ड्रायव्हर नसतो. ड्रायव्हरची आयएसओ (सीडीची प्रत असलेली फाइल) दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडा, 'लोड ड्रायव्हर' दाबा, डिस्क समोर येते. सीपीयू टाइप एकच मशीन असेल तर 'होस्ट' ठेवा, वेगवेगळ्या प्रोसेसरची मशीन्स असतील आणि चालू व्हीएम इकडून तिकडे हलवायची असेल तर मात्र नको.

मेमरीचा आकडा दोन्हीकडे सारखा दिसतो पण अर्थ वेगळा आहे. कंटेनरला 2 जीबी दिली तर ती फक्त कमाल मर्यादा, वापरली नाही तर होस्टकडेच राहते. व्हीएमला 4 जीबी दिली की आतली सिस्टिम कॅशेसाठी (पुन्हा लागेल तो डेटा जवळ ठेवायला) हळूहळू ती सगळी व्यापते आणि होस्टला ती गेलेली दिसते. झेडएफएस ही फाइलसिस्टिम वापरत असाल तर त्याचा कॅशेसुद्धा याच 16 जीबीतून जातो, हे हिशोबात धरा. उलट मर्यादा फार आवळली तर काय होतं तेही बघितलंय. माझा फोटोंचा डॉकर कंटेनर रात्री आपोआप बंद पडायचा, लॉगमध्ये एक ओळ नाही, फक्त बंद पडताना मिळालेला एक्झिट कोड 137. 137 म्हणजे 128 अधिक 9, आणि 9 हा प्रोसेसला न विचारता मारायचा सिग्नल, इथे तो कर्नलने दिला होता. मीच 512 एमबीची मर्यादा घातली होती आणि रात्री थंबनेल बनवताना ती ओलांडली जायची. 2 जीबी केली, त्यानंतर 137 परत दिसला नाही.