बाळ कुंथते तेव्हा

दीड-दोन महिन्यांचे बाळ अचानक मुठी आवळते, पाय पोटाशी घेते, लालबुंद होऊन पंधरा मिनिटे जिवाच्या आकांताने रडते आणि मग लंगोटात येते ती पिवळसर, मऊ शी. तरीही घरात निदान होते ते बद्धकोष्ठतेचे. बद्धकोष्ठता रडण्यावरून ठरत नाही. शी कोरडी, खड्यांसारखी कठीण आहे का, यावरून ठरते. केवळ आईच्या दुधावरच्या बाळाला महिना-दीड महिन्यानंतर चार-सहा दिवस शी झाली नाही, तरी ती मऊ असेल आणि बाळ नीट पीत असेल, तर बिघडत नाही, कारण ते दूध जवळजवळ पूर्ण पचते. साचलेला मळ रक्तात विष कालवतो, ही समजूत तर विज्ञानाने केव्हाच मोडीत काढली आहे.

मग बाळ एवढे रडते का? मलाशयात मळ उतरला की त्याची भिंत ताणली जाते, आणि भिंतीतल्याच चेतापेशींच्या जाळ्यामार्फत गुदद्वाराचे आतले, स्नायूंचे गोल कडे सैल पडते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिला मेंदूची परवानगी लागत नाही. बाहेरचे कडे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मात्र इच्छेच्या ताब्यातले. मोठी माणसे पोटात दाब वाढवतात त्याच क्षणी हे स्नायू ढिले सोडतात, आणि हा मेळ इतका सवयीचा झालेला असतो की तो कधीतरी शिकावा लागला होता, हे आठवतही नाही. बाळाने तो अजून साधलेला नसतो. रडून ते पोटात दाब वाढवते, पण त्याच वेळी खालचे स्नायूही आवळते, म्हणजे झाकण न काढताच नळी दाबते. पोटाच्या तक्रारींचे निदान करण्यासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६ च्या रोम निकषांनुसार नऊ महिन्यांखालील निरोगी बाळाचे, मऊ शी होण्याआधीचे किमान दहा मिनिटांचे असे कुंथणे-रडणे हा आजार मानला जात नाही. काही आठवड्यांत मेळ आपोआप जमतो.

म्हणूनच साबणाची कांडी किंवा थर्मामीटर गुदद्वारात घालण्याची सवय मला घातक वाटते. शी होते खरी, पण बाळ बाहेरच्या स्पर्शाची वाट पाहू लागते आणि जे शिकायचे ते लांबणीवर पडते. त्याऐवजी बाळाला उताणे ठेवून गुडघे अलगद पोटाकडे दुमडावेत. मलाशय आणि गुदद्वार यांमधला कोन त्यामुळे सरळ होतो.

शी खरोखर कठीण असेल, तर पावडरचे दूध प्रमाणापेक्षा घट्ट कालवले जात नाही ना, हे पाहावे. सहा महिन्यांनंतर, वरचे अन्न सुरू झाल्यावर, पाणी आणि नासपतीचा गर देता येतो. त्यातला सॉर्बिटॉल हा साखरेसारखा गोड घटक पुरता शोषला न गेल्याने आतड्यात पाणी धरून ठेवतो. रेचक डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. मध तर वर्षाखालील बाळाला मुळीच नको, कारण त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि त्या विषबाधेचे पहिले लक्षण बहुधा बद्धकोष्ठताच असते.

वर सांगितलेले चेतापेशींचे जाळे काही बाळांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच नसते. डॅनिश बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये वर्णिलेला हा आजार शस्त्रक्रियेने बरा करता येतो. जन्मानंतर ४८ तासांत पहिली काळपट शी झाली नाही, पोट टणक फुगले, हिरवी उलटी झाली, शीत रक्त दिसले किंवा वजन वाढेना, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. हिरव्या उलटीसाठी तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये.